प्रमाण वैमानिक

लाकडीत बसायचा पहिला मान अप्पांचा, याबद्दल घरात दुमत नव्हतं. दुमत होतं ते त्यांना तिच्यात चढवायचं कसं, याबद्दल.

“शिडी धर,” ताई म्हणाली.

“शिडी धरलीय. तू त्यांना धर,” धाकटा म्हणाला.

“मला कोणी धरू नका,” अप्पा म्हणाले, आणि दोघांच्या खांद्यांवर सगळा भार टाकून स्वतःच्या बळावर वर गेले.

लाकडी म्हणजे थोरल्याच्या विमानाचा पूर्ण मापाचा नमुना. प्लायवूडचा. पंख नाहीत, शेपटी नाही. नुसतं नाक, एकामागे एक दोन खुर्च्या, पुठ्ठ्यावर छापलेली घड्याळं, आणि वर कॅनोपीच्या, म्हणजे काचेच्या झाकणाच्या, फासळ्या. काच नव्हती, काचेची मंजुरी पुढच्या टप्प्यात होती. हवाई दलातल्या नवशिक्यांना जेट चालवायला शिकवण्यासाठी हे विमान होतं, किंवा असणार होतं. ते इतकी वर्षं ‘प्रस्तावित’ होतं की घरात तो शब्द आडनावासारखा वापरला जाई. त्याआधी अप्पांचंही एक विमान होतं. तेही प्रस्तावितच वारलं.

पुढे थोरला मुख्य अभियंता झाला, ताई विंड टनेलमध्ये छोट्या विमानांवर वारा सोडून ती किती थरथरतात ते पाहू लागली, आणि धाकट्याकडे चाकं आली. या घरात विमान पूर्ण असं कधी झालं नाही, पण तुकड्यातुकड्यानं ते रोज जेवायला असायचं.

अप्पा मागच्या खुर्चीत, म्हणजे शिकवणाऱ्याच्या जागी, स्थिरावले. समोर शेडच्या पार टोकाला, भिंतीवर, एक पांढरी पट्टी चिकटवलेली होती. नाक वर करून उतरणाऱ्या विमानातून धावपट्टी जिथं दिसायला हवी, ती जागा.

“दिसते?” थोरल्यानं खालून विचारलं.

“लख्ख,” अप्पा म्हणाले. “माझ्या वेळी याहून चांगली दिसायची, पण चालेल.”

मग ताई बसली. तिला दिसली. धाकटा बसला. त्यालाही दिसली. थोरला बसला नाही, कारण तो रोजच बसायचा आणि त्याला रोजच दिसायची. आई शिडीकडे एकदा बघून म्हणाल्या, “मी खालूनच कौतुक करते.” थोरली सून पर्समधला रुमाल शोधत राहिली.

शेवटी धाकटी सून चढली. तिच्या बसण्याला आजच्या दिवसात खरा अर्थ होता, बाकीचं हौसेचं. ती हवाई दलात प्रशिक्षिका होती. नवशिक्या पुढे, ती मागे, अशी तिची सगळी नोकरी मागच्या खुर्चीत गेलेली. उद्या समिती येणार होती. समितीनं होकार दिला तर लाकडीचं धातूचं विमान होणार, नकार दिला तर परदेशातून तयार विमानं विकत येणार आणि हा कारखाना त्यांची तेलं बदलणार. त्या समितीपुढे उभं राहून, जे शिकवणार त्यांच्या वतीनं मत द्यायचं होतं ते धाकटीनं. मी त्याच घरातली आहे, मला वगळा, असं तिनं दलाला कळवून पाहिलं होतं. बाकीचे रजेवर आहेत, असं दलानं कळवलं होतं. त्याआधी दलाचे दोन मोठे अधिकारी येऊन गेले होते, पण त्यांनी लाकडी खाली उभं राहून पाहिली आणि चहा घेतला.

धाकटीनं सोबत आणलेलं हेल्मेट घातलं. पट्टे आवळले. बाजूचा दांडा ओढून खुर्ची वर घेतली, मग आणखी वर घेतली. मग ती नुसतीच बसून राहिली.

“दिसते ना?” थोरला म्हणाला.

“नाही.”

“काय नाही?”

“पट्टी. पट्टी दिसत नाही, दादा.”

शेडमध्ये पंखा होता, त्याचा आवाज एवढा वेळ कोणाला आला नव्हता.

“नीट बस,” ताई म्हणाली.

“बसलेय.”

“पाठ टेकून बसलीस?”

“पाठ टेकूनच उडवतात, ताई.”

“मग खुर्ची वर घे की.”

“घेतलीय. आता ती फक्त खाली जाऊ शकते.”

“मान जरा उंच कर,” धाकटा म्हणाला. तो तिचा नवरा होता आणि मदत करायच्या भरात होता.

“उतरताना मान उंच करून बसू? आणि उतरल्यावर काय करू, परत घालू खांद्यात?”

“एक उशी द्या तिला,” अप्पा म्हणाले. “इतकं काय त्यात.”

“उशी चालत नाही, अप्पा,” थोरला हळूच म्हणाला. ही खुर्ची म्हणजे संकटात माणसासकट बाहेर उडणारी खुर्ची. खाली मऊ काही असलं तर खुर्ची आधी उशीत शिरते आणि मग माणसाच्या मणक्यात. हे अप्पांनीच त्याला शिकवलं होतं.

“घरी चला,” आई म्हणाल्या. “भात थंड होईल.”

*

थोरली गाडीत खिडकीशी बसली. गाडीतही या घराण्याच्या चौघांची डोकी छताला टेकली होती, आणि ती व तिची सासू खिडकीच्या खालच्या काठावरून बाहेर बघत होत्या. हे तिला इतक्या वर्षांत कधी विचित्र वाटलं नव्हतं. या लोकांची धडं लांब आणि पाय आखूड, हे तिला माहीत होतं, जसं घरातल्या कुठल्या दाराची कडी अडकते ते माहीत असतं. बसलेले असताना परके लोक त्यांना उंच समजत. तिनंही थोरल्याला पहिल्यांदा पाहिलं ते बसलेलं. तो उठला तेव्हा तिचा होकार देऊन झाला होता.

तिला आठवत होतं ते वेगळंच. लाकडी तयार झाली त्या दिवशी मुख्य अभियंत्याची बायको म्हणून तिला मागच्या खुर्चीत बसवलं होतं. समोर पुढच्या खुर्चीची पाठ आणि तिच्यावरची डोकं टेकायची उशी, एवढंच होतं. “कसं वाटतंय?” नवऱ्यानं विचारलं. ती शाळेत भूगोल शिकवायची. तिला वाटलं, विमानात असंच असणार, मागच्याला पुढचं दिसायचं कारणच काय. ती म्हणाली, “छान.”

जेवताना पहिली काही मिनिटं सगळे बटाट्याच्या भाजीबद्दल बोलले. ही या घरातली जुनी पद्धत. विमानाचं काही बिघडलं की भाजीचं कौतुक व्हायचं.

“तर मग,” ताईनं सुरुवात केली, “उद्या तू काय म्हणणार आहेस?”

“जे आहे ते,” धाकटी म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे मागच्या खुर्चीतून धावपट्टी दिसत नाही.”

“तुला दिसत नाही.”

“हो. मला दिसत नाही.”

“मग ‘मला’ म्हण. ‘मागच्या खुर्चीतून’ म्हणू नकोस. आम्हाला सगळ्यांना दिसली. चारातल्या चारांना.”

“मलाही दिसली नव्हती,” थोरली म्हणाली.

तिला हे बोलायचं नव्हतं. ती फक्त डाव उचलत होती, आणि वाक्य त्याच्याबरोबर वर आलं. थोरल्यानं तिच्याकडे पाहिलं.

“कधी?”

“अहो, त्या दिवशी. तुम्ही बसवलंत तेव्हा.”

“तू छान म्हणालीस!”

“मग काय म्हणू? तुमचे साहेब खाली टाळ्या वाजवत होते.”

“आणि मला ह्यांच्या विमानात दिसलं नव्हतं,” आई म्हणाल्या. त्या अप्पांच्या पानात भात वाढत होत्या आणि वाढता वाढताच बोलल्या. “ते पहिलं, त्याचाही असाच लाकडाचा नमुना होता. फोटो काढायचा म्हणून मागं बसवलं होतंत मला. समोर नुसती फळी. मी म्हटलं, असेल.”

“तू कधी सांगितलं नाहीस,” अप्पा म्हणाले.

“तुम्ही फोटो कसा आला ते विचारलंत.”

धाकटीनं घास खाली ठेवला. कुठंही बसली की क्षितिजाची रेषा शोधायची तिला सवय होती. टेबलाच्या एका बाजूला अप्पा, थोरला, ताई, तिचा स्वतःचा नवरा. सगळ्यांच्या हनुवट्या एका रेषेत. दुसऱ्या बाजूला सासू, जाऊ आणि ती. त्यांच्या हनुवट्या त्याखाली, मूठभर अंतरावर, त्याही एका रेषेत.

“थांबा,” ती म्हणाली. “लाकडीत आजवर बसून पाहिलं कोणी? एकूण?”

“आम्ही,” धाकटा म्हणाला. “गोपनीय आहे ना ती. परवानगी असलेलेच बसणार.”

“म्हणजे वहिनी सोडल्या तर तू, दादा आणि ताई.”

“आणि आज अप्पा.”

“आणि ते कागदावरचं माप? विमान काढताना आत जो माणूस बसवता, तो कुठून आला?”

ताई पाण्याचा पेला उगाच थोडा डावीकडे सरकवू लागली.

*

थोरल्याला उत्तर माहीत होतं. ते त्याच्या कचेरीत खिळ्याला टांगलेलं होतं.

पुठ्ठ्याचा माणूस. बाजूनं कापलेला, मानेला, कमरेला, गुडघ्याला रिबिटं, म्हणजे वाकवून कुठल्याही नकाशावर बसवता येतो. त्याला ‘प्रमाण वैमानिक’ म्हणत. अप्पांनी तो तरुणपणी कापला होता. तेव्हा वैमानिकांची मापं कोणी घेतलेली नव्हती, कारखान्यात एक स्टूल होतं आणि स्टुलावर बसायला अप्पा होते. थोरला शिकाऊ म्हणून लागला तो याच पुठ्ठ्यावर शिकला. पुढे संगणक आले, तेव्हा मोठ्या समारंभानं पुठ्ठ्याचा माणूस संगणकात घातला गेला. आता तो पडद्यावर तिन्ही बाजूंनी फिरायचा, पण धड तेच.

दलाकडून मापांचा तक्ता आला नव्हता असं नाही. आला होता. पण तक्त्यातला माणूस आणि पुठ्ठ्यातला माणूस जुळेनात. मग थोरला स्वतः लाकडीत जाऊन बसला. ताईला बसवलं, धाकट्याला बसवलं. तिघंही पुठ्ठ्याशी तंतोतंत जुळले. एवढा पुरावा असल्यावर तक्ता चुकीचा ठरला.

हे सगळं त्याला आता भाताच्या वाफेतून दिसत होतं. त्याला राग यायला हवा होता. आला तो नुसता थकवा, जुन्या ओळखीच्या पाहुण्यासारखा, चप्पल काढून आत येऊन बसला.

“मूठभरच तर फरक आहे,” थोरली म्हणाली. “खुर्ची मूठभर वर करून टाका की.”

“वहिनी, मूठभर नसतं हो काही विमानात,” धाकटा म्हणाला. त्यानं बोटांवर मोजायला घेतलं. “खुर्ची वर गेली की डोकं कॅनोपीला लागतं. मग कॅनोपी वर. कॅनोपी वर गेली की पाठीला कुबड, मागच्या शेपटीला नीट वारा मिळेना. मग ताईकडे परत सहा महिने. मग शेपटी मोठी. मागं वजन वाढलं की नाक लांब. नाक लांब झालं की विमान जड, आणि जड झालं की ते येऊन बसतं कुणाच्या डोक्यावर? माझ्या चाकांच्या.”

“आणि समिती तोवर थांबत नाही,” ताई म्हणाली. “त्यांच्या हातात दुसऱ्यांचं छापील पुस्तक तयार आहे. गुळगुळीत कागदावर.”

“म्हणून म्हणते, शब्द बघून वापर,” ताई धाकटीकडे वळली. तिचा आवाज आता मवाळ झाला होता. “‘दृश्यता मर्यादित, पण स्वीकारार्ह’ असं म्हण. खोटं नाही ते.”

“‘सुधारणेस वाव’,” धाकटा म्हणाला. “हे तर अगदीच खरं आहे. वाव कशात नसतो?”

“तू कोणाकडून आहेस रे?” धाकटीनं विचारलं.

“मी चाकांकडून आहे.”

फक्त आई किंचित हसल्या आणि त्यांनी ते काकडीच्या मागे लपवलं.

“वहिनी, तुम्ही सांगा यांना,” धाकटी म्हणाली. “तुम्हालाही दिसलं नव्हतं.”

थोरलीनं ताट पुसत असल्यासारखा हात फिरवला. मघाशी ती धाकटीच्या बाजूनं बोलली होती खरी. पण मधल्या काळात तिनं नवऱ्याचा चेहरा पाहिला होता.

“दिसलं नव्हतं,” ती म्हणाली. “ते दिसलं नव्हतंच. पण म्हणून उभं राहून सांगायलाच हवं का गं? हे पुढच्या वर्षी निवृत्त होतात. आयुष्यभर माणूस एकच काम करत राहिला. एक तरी उडताना बघू दे त्याला. बाकीचं मग करतील की दुरुस्त.”

“मग म्हणजे कधी?”

“मग म्हणजे मग. उडाल्यावर.”

धाकटी कालच्या लांबच्या प्रवासानं शिणलेली होती आणि तिला भांडायचा मनापासून कंटाळा आला होता. हे लोक वाईट असते तर सोपं गेलं असतं. तिचे या घरात सगळ्यात जास्त लाड कोणी केले असतील तर याच जावेनं.

“वहिनी, मागं बसणाऱ्याचं काम काय असतं माहितीये?” ती शेवटी म्हणाली. “गप्प बसणं. सगळं नीट चाललं तर मी फुकटची प्रवासी. माझं काम सुरू होतं ते पुढचा घाबरतो तेव्हा. आणि ते घाबरतात. चांगले चांगले घाबरतात, आणि नेमके जमीन जवळ आली की. हात गोठतो. विचारलं तर ‘हो मॅडम’ म्हणतात आणि काही करत नाहीत. त्या वेळी विमान मला उतरवायचं असतं. मला जमीन दिसत नसेल तर मी उतरवू कशावरून? त्याच्या ‘हो मॅडम’वरून?”

धाकट्यानं मान खाली घातली. ती घरी फोनवर कधी कधी नुसतं “आज एकाचा हात गोठला” एवढंच म्हणायची आणि मग भाजीत काय आहे ते विचारायची. तोही या घरात राहून तीच पद्धत शिकला होता. तो भाजीचं सांगायचा.

“लांब धडाचे घ्यावेत,” अप्पा म्हणाले.

“काय?” ताई म्हणाली.

“दलानं. भरती करताना बघून घ्यावं. आमच्या वेळी विमान आधी ठरायचं, माणूस नंतर. माणसांची कमी आहे का?”

“अप्पा, ही थट्टेची वेळ नाही,” थोरला म्हणाला.

“थट्टा कोण करतंय? प्रमाण वैमानिक माझ्या मापाचा आहे हे मला कोणी सांगायला नको. मीच कापला तो. आणि बरोबर कापला. त्या पुठ्ठ्यावर दोन विमानं उभी राहिली.”

“एकही उभं राहिलं नाही, अप्पा,” थोरला म्हणाला. “दोन्ही प्रस्तावित आहेत.”

इतकं स्पष्ट तो आजवर बापाशी बोलला नव्हता. त्याला स्वतःलाच ते कोणा दुसऱ्यानं म्हटल्यासारखं वाटलं. अप्पांचा चमचा ताटावर वाजला.

“मग कोणाचं माप घ्यायला हवं होतं मी? सांग ना. कारखान्यात दुसरं कोण होतं मोजायला?”

“मी होते,” आई म्हणाल्या. “रोज दुपारी डबा घेऊन यायचे.”

त्यांनी हे तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. मीठ कुठं आहे ते सांगावं तसं सांगितलं. अप्पा त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी भात कालवला, न खाता बाजूला केला, आणि मी जरा पडतो म्हणून आत गेले. त्यांच्या मागं दार लागलं, ते नेहमीसारखं अर्धवटच, कारण ते पूर्ण लागत नसे.

“जा गं आत, त्यांना गोळी दे,” आई थोरलीला म्हणाल्या. मग धाकटीकडे न बघता, ताटं एकात एक रचत म्हणाल्या, “तू तुला दिसतं ते सांग. हे रुसतील. रुसू देत. विमान उडालं नाही म्हणून मी ह्यांना बरीच वर्षं सांभाळलंय. ते मला जमतं. उडून पडलं तर काय करायचं, ते मला येत नाही.”

ताईला यावर काही बोलायचं होतं. तिनं तोंड उघडलं, आणि मग ताटंच उचलली.

*

थोरला किल्ल्या घेऊन दारात उभा होता.

“चला,” तो धाकट्याला आणि धाकटीला म्हणाला.

“कुठं?”

“चला म्हटलं ना.”

फाटकावर पुन्हा फोन जमा झाले. रखवालदारानं सकाळी आलेली माणसं दुपारी पुन्हा आल्याबद्दल पुन्हा सह्या घेतल्या. सुट्टीचा दिवस. शेडमध्ये कोणी नव्हतं. दुपारचं ऊन वरच्या तावदानांतून लाकडीवर तिरकं पडलं होतं आणि त्यात प्लायवूडची धूळ सावकाश फिरत होती. थोरल्यानं पंखा लावला नाही.

“बस,” तो धाकटीला म्हणाला.

ती चढली, बसली, पट्टे आवळले, खुर्ची पूर्ण वर घेतली. सगळं सकाळसारखंच. थोरला शिडीवर चढून तिच्या शेजारी उभा राहिला आणि खिशातल्या पेन्सिलीनं, तिच्या डोळ्याच्या उंचीला, कडेच्या लाकडावर एक रेघ मारली.

“आता उठ जरा.”

कोपऱ्यात प्लायवूडचे उरलेले तुकडे पडले होते. त्यानं ते एकेक करून खुर्चीखाली सारले. धाकटी दर वेळी बसायची, समोर बघायची आणि मान हलवायची.

“अजून.”

“आता?”

“अजून, दादा.”

“आता?”

“हं. कड दिसली. अजून एक.”

तो एक घातल्यावर तिला पांढरी पट्टी पूर्ण दिसली. त्याच क्षणी तिचं हेल्मेट वरच्या फासळीवर टक्क करून आपटलं. आजवर घरातले सगळे लाकडीत उघड्या डोक्यानंच बसले होते. तिघांनीही त्या फासळीकडे पाहिलं. धाकट्यानं सांगितलेली सगळी साखळी तिथंच सुरू होत होती, त्या एका आवाजापासून. वर्ष, दीड वर्ष. समिती एवढं थांबणार नव्हती, आणि थोरल्याची नोकरीही नाही.

“उतर,” तो म्हणाला.

तिला वाटलं, तो आता म्हणेल, शब्द जरा बघून वापर. तिनं मनाशी त्याचं उत्तरही तयार केलं. पण त्यानं खुर्चीखालचे तुकडे काढून परत कोपऱ्यात नेऊन ठेवले, नीट, मोठ्यावर छोटा. मग धाकट्याला म्हणाला, “तू पुढे बस.”

“मी कशाला?”

“नवशिक्या म्हणून. बस. हिचं हेल्मेट घाल.”

धाकटा पुढच्या खुर्चीत बसला. हेल्मेट त्याला घट्ट होत होतं. थोरला मागच्या खुर्चीत शिरला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं दांडा उलट्या दिशेनं ओढला आणि खुर्ची खाली घेतली. एवढ्यानं भागेना. मग तो घसरला, पाठ वाकवून, गुडघे पुठ्ठ्याच्या घड्याळांना टेकवून, अगदी शाळेतल्या शेवटच्या बाकावरच्या मुलासारखा, जोवर त्याचा डोळा पेन्सिलीच्या रेघेला आला नाही तोवर.

तिथं तो थांबला.

खुर्ची त्यानंच कागदावर काढली होती. फासळ्या, कड, दांड्याची जागा, सगळं त्यानंच ठरवलं होतं, आणि डोळे मिटले तरी त्याला ते दिसायचं. हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. समोर पुढच्या खुर्चीची पाठ होती, तिच्यावर डोक्यामागची जाड गादी, आणि गादीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेलं त्याच्या भावाचं डोकं. त्यानं मान डावीकडे केली. डोकं. उजवीकडे केली. गादी आणि कान. भिंत नव्हती, पट्टी नव्हती, ऊनसुद्धा नव्हतं.

खाली धाकटी शिडीला हात लावून उभी होती. बराच वेळ गेला. तो उतरेल म्हणून ती एकदा बाजूला झाली, मग परत आली.

“दादा,” पुढून धाकटा म्हणाला. त्याला मागं वळता येत नव्हतं, पट्टे आवळलेले होते. “झोपलास का?”

“नाही.”

“दिसतंय का काही?”

“उद्या हिला उभं करायचं नाही,” थोरला म्हणाला. तो अजून त्याच रेघेवर डोळा धरून बसला होता आणि आवाज खालून, खुर्चीच्या तळातून आल्यासारखा येत होता. “आमचं माणूस म्हणून दोष हिच्यावर ढकलतील, किंवा आमचं असूनही बोलली म्हणून. विमान माझं आहे. मी सांगतो.”

“दादा, विमान जाईल,” धाकटी म्हणाली.

“जाईल.”

“मग काय सांगणार आहेस तू त्यांना?” धाकट्यानं विचारलं.

“जे दिसतंय ते,” थोरला म्हणाला. “तू दिसतोस.”